एका माउथ ऑर्गनवादकाची मैफल
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आम्ही निवडलेला विषय ऐकून आपले कार्यवाह किंचित हसले. त्यांचा दोष नाही. माउथ ऑर्गन म्हणजे जत्रेतून मुलाला आणून द्यावयाचे खेळणे. आठ दिवस घरात त्याची पींपीं चालावी आणि नवव्या दिवशी ते कपाटावर जावे, अशीच आपल्याकडील समजूत आहे. परंतु गेल्या हिवाळ्यात पुण्यास एका वादकाची मैफल आम्ही अगदी पुढच्या रांगेत बसून पाहिली. ‘पाहिली’ हा शब्द आम्ही हेतुपुरस्सर योजीत आहोत. कारण ध्वनिमुद्रिका ऐकताना ह्या वाद्याचे निम्मे मर्म दडून राहते.

ते मर्म श्वासात आहे. बासरी, सनई, शंख ही सारी फुंकून वाजवावयाची वाद्ये; श्वास आत घेतल्याने त्यांतून स्वर निघत नाही. माउथ ऑर्गन श्वास घेतानाही गातो. दहा छिद्रांच्या साध्या बाजात चौथ्या छिद्रात फुंकले की सा, तेथूनच श्वास ओढला की रे. पाचव्यात ग आणि म, सहाव्यात प आणि ध. आता सातव्यात फुंकून नी मिळेल असे कोणासही वाटेल. पण तेथे क्रम उलटतो. नी ओढून घ्यावयाचा आणि वरचा सा फुंकून. म्हणजे ध व नी लागोपाठ दोन्ही आतच. नवशिका नेमका येथे अडखळतो. हे वादक मात्र दोन तास वाजवीत असता त्यांचे खांदे एकदाही वर उचलले गेल्याचे आम्हांस दिसले नाही. सारा व्यवहार पोटातून चालला होता.

त्यांच्यापुढे मेजावर पांढऱ्या कापडावर सात-आठ बाजे मांडलेले होते. निरनिराळ्या पट्टीचे छोटे, दुहेरी पत्तीमुळे स्वराला कंप देणारा एक लांबट, आणि बारा छिद्रांचा, उजव्या टोकास कळ असलेला मोठा. ती कळ दाबली की प्रत्येक स्वर अर्ध्या पायरीने चढतो आणि सप्तकातील बाराही स्वर हाती येतात. ह्या बाजाच्या पोटात ४८ पत्त्या असतात. पितळेची पत्ती वाऱ्याने थरथरून बोलते, हे तत्त्व आपल्या पेटीचेच. चीन देशात ‘शेंग’ नावाच्या वाद्यात ते फार प्राचीन काळापासून आहे; युरोपात ते एकोणिसाव्या शतकात रुळले, आणि जर्मनीतील ट्रॉसिंगन गावी माथियास होनर ह्यांनी १८५७ साली माउथ ऑर्गन बनविण्याचा उद्योग आरंभिला.

पेटीला मींड काढता येत नाही, हा तिच्यावरील जुना आक्षेप. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली, ती तीन दशके टिकली. आता गंमत पाहा. पत्ती तीच, पण येथे भाता नाही, मधे माणसाचे तोंड आहे. जीभ मागे घेऊन तोंडातील पोकळी बदलली की ओढलेला स्वर हळूहळू खाली उतरतो. वादकांनी एकच स्वर असा उतरवून दाखविला तेव्हा सभागृहात एक प्रकारची शांतता पसरली. त्या एका स्वरासाठीदेखील तिकिटाचे पैसे आम्ही आनंदाने दिले असते.

आरंभी त्यांनी चित्रपटगीते वाजविली. ‘सोलवा साल’ (१९५८) मधील ‘है अपना दिल तो आवारा’ सुरू होताच मागील रांगांतून टाळ्या पडल्या. मूळ गीतात माउथ ऑर्गन वाजविणारे राहुलदेव बर्मन. ‘दोस्ती’ (१९६४) ह्या चित्रपटातील वादनही त्यांचेच. नंतर अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे ब्लूज झाले. त्यात त्यांनी आगगाडी अशी हुबेहूब उभी केली की इंजिनाचा उसासा, रुळांचे सांधे, दूरची शिटी, सारे त्या वीतभर बाजातून आले. पुढे पाश्चात्त्य अभिजात संगीतातील एक तुकडा झाला. व्हॉन विल्यम्स ह्या इंग्रज संगीतकाराने १९५१ साली लॅरी ॲडलर ह्यांच्यासाठी ह्या वाद्याकरिता स्वतंत्र रचना केली होती, हे वादकांनीच सांगितले. शेवटी नाट्यपद. येथे आमचे मत थोडे निराळे आहे. आलाप सुरेख झाले. परंतु द्रुत तानेत श्वास पालटताना स्वर तुटत होते. कलावंताविषयी आदर बाळगूनही हे सांगितले पाहिजे.

त्या मैफलीस आपल्याच ज्ञातीतील एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. नाव सांगत नाही. ते येथेच बसले आहेत. मध्यंतरात ते आम्हांस म्हणाले, “गुरुजी, ह्याचे दहावीचे वर्ष. दिवसभर तोंडाला बाजा! हे खूळ सोड म्हणून तुम्हीच सांगा. तुमचे तो ऐकेल.” मुलगा खाली मान घालून उभा. आम्ही म्हटले, “उत्तरार्ध होऊ द्या.” मैफल संपल्यावर मुलगा धीर करून मंचापाशी गेला व रोज किती वेळ वाजवावे असे त्याने विचारले. “सकाळी अर्धा तास, आणि अगदी संथ,” एवढेच उत्तर मिळाले. तेव्हा आम्ही वडिलांस म्हणालो, “पस्तीस वर्षे वर्गात उभे राहिलो. अर्ध्या तासाच्या वाद्यामुळे नापास झालेला मुलगा आम्हांस आठवत नाही. अर्धा तास राहू द्या, दिवसभर नको.” ते बराच वेळ बोलले नाहीत. मग मुलाला म्हणाले, “घड्याळ लावून.” परीक्षा झाली आहे, निकाल लागावयाचा आहे, म्हणून आम्ही आज फार ऐटीने बोलत नाही.

आपले मंडळ दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करते. तो सारा गुणपत्रिकेवरून. तो तसाच चालावा. फक्त पुढील संमेलनात वाद्य वाजविणाऱ्या मुलामुलींस ह्या व्यासपीठावर दहा-दहा मिनिटे मिळावीत, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे लेखी ठेविली आहे. इच्छुकांनी दिवाळीपूर्वी कार्यवाहांकडे नावे द्यावीत. वाद्य कोणतेही चालेल. माउथ ऑर्गन असल्यास मात्र प्रत्येकाने आपापला आणावा. दुसऱ्याचा तोंडास लावू नये.