मोकळ्या जागेचं मोल

वर्तमानपत्रातली जागा कॉलम-सेंटिमीटरवर विकली जाते. दोन कॉलम रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच जाहिरात म्हणजे वीस कॉलम-सेंटिमीटर. तेवढे पैसे मोजले की दुकानदाराला वाटतं, आता कोपरा न् कोपरा वसूल करायचा. मग वर गणपती, बाजूला मालकांचा फोटो, खाली पंधरा वस्तूंची यादी, 'भव्य', 'एकमेव' आणि तीन उद्गारचिन्हं. पत्ता मात्र तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत!

जुलै २०२१च्या महापुरात महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, दुकानांतला माल चिखलात गेला. अशा पुरानंतर दुकान पुन्हा उघडणाऱ्या व्यापाऱ्याचं उदाहरण घेऊ. गाठीशी पैसा थोडा, जाहिरात एकदाच देता येणार. पोलादपूरच्या एखाद्या वाडीवरच्या गिऱ्हाइकाच्या मनात तेव्हा काय असेल? दुकानाची परंपरा किती वर्षांची, हे नक्कीच नाही. 'दुकान उघडलं का? एसटीचं भाडं खर्चून गेलो तर माल मिळेल का?' एवढंच. म्हणून 'दुकान पुन्हा सुरू' हे तीन शब्द सर्वांत मोठे. त्याला लागूनच दुकानाचं नाव. खाली काय मिळेल ते एका ओळीत. शेवटी खुणेसह पत्ता आणि फोन. बाकीचं गाळा.

चित्राचंही तसंच. महाड म्हटलं की रायगडाचं चित्र टाकण्याचा मोह होतो. गड पाहायला येणाऱ्यांसाठी लॉज असेल तर ते शोभेल. सिमेंट-पत्र्याच्या दुकानाबद्दल ते काहीच सांगत नाही, जागा मात्र खातं.

आपल्या लिपीच्याही काही गरजा आहेत. इंग्रजीसारखी मोठी लिपी आपल्याकडे नाही, त्यामुळे जोर द्यायचा तो अक्षराच्या आकारानं, जाडीनं आणि भोवतालच्या मोकळ्या जागेनं. देवनागरीत मात्रा, वेलांटी, रफार वर जातात आणि उकार खाली येतात. ओळी चिकटवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेवर आदळतो. काळ्या पट्टीवर बारीक पांढरी अक्षरं घेतली, तर वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरून ती बुजतात. संगणकावरच्या 'मंगल' या अक्षरसंचाचे कर्ते र. कृ. जोशी हे मुळात जाहिरात क्षेत्रातले. अक्षर हा जाहिरातीचा पाया आहे, हे अशा माणसांच्या कामातून कळतं.

१९५९ साली अमेरिकेत फोक्सवॅगन या छोट्या मोटारीची एक जाहिरात आली. चित्राची जागा जवळजवळ कोरी आणि तिच्यात इवलीशी गाडी. नजर थेट गाडीवरच जायची. कोरी जागा वाया गेली नव्हती, तिनं काम केलं होतं. बाजाराच्या दिवशी गर्दीत सगळेच ओरडत असतात. तिथं लक्ष जातं ते शांत उभ्या असलेल्या माणसाकडे.

जाहिरात छापायला देण्यापूर्वी दोन गोष्टी करून पाहा. कागद हातभर लांब धरून डोळे किलकिले करा. जे ठळक दिसेल, तेच वाचकाला दिसणार आहे. मग घरातल्या कुणाला तरी ती मोजून पाच सेकंद दाखवा आणि विचारा, 'काय मिळतं? कुठं मिळतं?' उत्तर आलं नाही, तर दोष वाचणाऱ्याचा नाही. एखादी ओळ आणखी काढा. पैसे जागेचे दिले असले, तरी आपल्याला विकत घ्यायची असते ती वाचकाची नजर.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)