आजार उलटतो तेव्हा घरात काय चाललेलं असतं?

१९५०च्या दशकात क्लोरप्रोमाझिन हे औषध आलं आणि इंग्लंडच्या मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षं अडकून पडलेली माणसं घरी जाऊ लागली. त्यातली बरीच काही महिन्यांत पुन्हा भरती होत. कोण टिकतं आणि कोण परत येतं, याचा शोध लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाने घेतला. हाती आलं ते अपेक्षेच्या उलट होतं. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे गेलेल्यांचा आजार जास्त उलटला. भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेले बरे टिकले. आईजवळ राहणाऱ्यांमध्येही, आई किंवा मुलगा कामासाठी घराबाहेर पडत असेल तर धोका कमी होता.

समोर बसलेल्या पालकांनी हे ऐकून दचकू नये. हा आजार म्हणजे स्किझोफ्रेनिया. तो बहुधा ऐन उमेदीत, विशीच्या आसपास डोकं वर काढतो आणि घरातलं प्रत्येक जण मनात एकच प्रश्न घोळवत राहतं: आमचं काय चुकलं? फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी १९४८मध्ये मुलाला या आजाराकडे ढकलणाऱ्या आईची कल्पना मांडली होती. त्या कल्पनेला पुरावा मिळाला नाही, पण आयांच्या एका अख्ख्या पिढीने तो ठपका सोसला. ब्राउनने हा प्रश्न विचारलाच नव्हता. आजार कशामुळे झाला हे त्याला शोधायचं नव्हतं. दवाखान्यातून सुटल्यावर पुढचे महिने कसे जातात, हे त्याला पाहायचं होतं.

त्यासाठी घडवलेली मुलाखत फार बारकाईची आहे. रुग्ण खोलीत नसतो. नातेवाइकाला गेल्या तीन महिन्यांतल्या साध्या गोष्टी विचारतात: तो उठतो कधी, भांडणं कशावरून होतात, घरकामाला हात लावतो का. सगळं टेपवर जातं आणि प्रशिक्षित कान नंतर शब्दांइतकाच सूर ऐकतात. ‘बारा वाजेपर्यंत झोपतो’ हे वाक्य आई सरळ सांगते, तेव्हा ती केवळ माहिती असते. तेच वाक्य आवाज चढवून, ‘झोपतो’वर दात आवळून आलं, की ती टीका म्हणून मोजली जाते. टीका, वैरभाव आणि जिवाला लावून घेतलेली अति काळजी यांवरून ते घर तापलेलं की शांत, हे ठरतं.

१९७२मध्ये ब्राउन, बर्ली आणि विंग यांनी १०१ रुग्णांचे निष्कर्ष छापले. नऊ महिन्यांत तापलेल्या घरांतल्या ५८ टक्के रुग्णांचा आजार उलटला, शांत घरांत १६ टक्के. १९७६मध्ये क्रिस्टीन वॉन आणि ज्युलियन लेफ यांनाही हाच कल दिसला. तापलेल्या घरांत आठवड्यात ३५ तासांहून जास्त वेळ समोरासमोर काढणाऱ्यांना धोका अधिक होता.

पण चिडचिड आजारामुळेही वाढत असेल ना? रात्रभर येरझाऱ्या घालणाऱ्या मुलाच्या घरी कुणाचा आवाज चढणार नाही? ही शंका रास्त होती, म्हणून लेफ आणि सहकाऱ्यांनी घरच बदलून पाहिलं. १९८२च्या त्यांच्या प्रयोगात तापलेल्या घरांतले २४ रुग्ण होते आणि औषध सगळ्यांना चालू होतं. निम्म्या कुटुंबांना आजाराची माहिती दिली, नातेवाइकांचा गट जमवला, घरी जाऊन बैठका घेतल्या. त्या गटात शांत घरांतले नातेवाईकही बसत, आणि तापलेल्या घरांतली माणसं त्यांच्याकडून शिकत. नऊ महिन्यांत नुसत्या औषधावरच्या निम्म्या रुग्णांचा आजार उलटला; दुसऱ्या बाजूला एकाचाच. प्रयोग छोटा होता, पण कुटुंबावर दोष न टाकता त्याला उपचारात सामील करता येतं, हे त्यातून लख्ख दिसलं.

भारतात डॉ. विद्यासागर यांनी अमृतसरच्या मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना सोबत ठेवलं, तेही १९५०च्या दशकातच! पुढे चंदीगडमध्ये डॉ. नरेंद्र विग आणि लेफ यांच्या गटाने हीच मुलाखत घेतली तेव्हा तापलेली घरं २३ टक्के निघाली, लंडनमध्ये ती निम्म्याच्या आसपास होती. भारतीय घर आपोआप औषध ठरतं, असा अर्थ मात्र काढू नये. वैरभाव असलेल्या घरांत चंदीगडलाही आजार जास्त उलटला.

अलीकडचं काम मुलं आणखी लहान असतानाच सुरू होतं. लॉस एंजेलिसमध्ये मेरी ओब्रायन यांनी आजाराची पूर्वचिन्हं असलेली किशोरवयीन मुलं पाहिली. पालकांच्या बोलण्यात माया आणि कौतुक जास्त होतं, तिथे मुलांचं मिसळणं-वावरणं काही महिन्यांत सुधारलं. २०१४मध्ये डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी अशाच १२९ तरुणांचा प्रयोग छापला. काही कुटुंबांना सहा महिन्यांत १८ बैठका मिळाल्या, काहींना तीनच. १८ बैठकांत ऐकून कसं घ्यायचं, मागणं कसं मांडायचं आणि एकेक अडचण कशी सोडवायची, याचा सराव होता. मुलांच्या भास-संशयाच्या लक्षणांत जास्त उतार याच गटात दिसला.

ब्रिटनच्या उपचार-मार्गदर्शिकेत आता कुटुंबासोबत किमान दहा बैठका सांगितल्या आहेत. आपल्याकडे ओपीडीत आईला चिठ्ठी मिळते, गोळ्यांच्या वेळा कळतात आणि पुढचा नंबर पुकारला जातो. तिच्याशी बोलायला कुणी बसत नाही, आणि हे मला मान्य नाही. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्थापन केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने शुभंकर म्हणजे काळजी घेणारे आणि शुभार्थी म्हणजे आजार असलेली माणसं, यांना एकत्र बसवायला सुरुवात केली, तसे गट तालुक्याच्या दवाखान्यातही बसू शकतात. एक खोली, एक प्रशिक्षित समाजसेविका आणि पंधरवड्यातली एक दुपार एवढं त्याला लागतं.