पासबुकावरची सही, उताऱ्यावरचे नाव
(वर्धापन दिनाच्या महिला मेळाव्यातील भाषण)



आम्हांला ‘महिला आणि बचत’ हा विषय दिला आहे. खरे म्हणजे बचत बाईला शिकवावी लागत नाही. तांदळाच्या डब्यात, पदराच्या गाठीत ती होतीच. शिकावे लागले ते वेगळेच. पैसा कुठे ठेवायचा, कुणाच्या नावावर, आणि सही करण्याआधी काय वाचून घ्यायचे.

आपल्या डोंगरी भागातला कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या पुण्या-मुंबईला पोट भरायला जातो. मागे उरते बाई, म्हातारी माणसे आणि भाताची खाचरे. दुखणे निघाले की सावकार. महिन्याला शेकडा पाच, कुठे दहासुद्धा. ज्ञान प्रबोधिनीच्या ताईंनी या खोऱ्यांत गावोगाव बचत गट बांधले. तिकडे नाबार्डने १९९२ साली ५०० गटांपासून बँकजोडणी सुरू केली होती, त्यातून तारणाशिवाय गटाला कर्ज मिळण्याची वाट झाली. दहा ते वीस बाया, ठरलेली मासिक रक्कम, अडीनडीला शेकडा दोनने कर्ज. कुणी म्हणतात, वर्षाला चोवीस टक्के झाले की! झाले. पण ते व्याज सावकाराच्या घरी जात नाही, आमच्याच गटात राहते.

तरी एक गोष्ट बोलायलाच हवी. कर्ज बाईच्या नावावर, मोटारसायकल मुलाची आणि हप्ता पुन्हा बाईच्या मजुरीतून, असे घरोघर चालले आहे. रागावू नका. तथागतांनी सिगालाला केलेल्या उपदेशात मिळकतीचे चार भाग सांगितले: एक उपभोगाला, दोन कामधंद्याला, चौथा अडचणीसाठी राखून. आणि नवऱ्याने घरचा कारभार बायकोच्या हाती द्यावा, हेही त्याच उपदेशात आहे. पुरुष मंडळी तेवढे वाचून दाखवत नाहीत!

ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये बायांच्या खात्यावर येऊ लागले. पण एटीएम कार्ड मुलाच्या पाकिटात असेल तर ते खाते नावालाच बाईचे. आणखी एक. बँक बुडाली तर ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, फेब्रुवारी २०२० पासून. सहकारी बँकेलाही ते लागू आहे, पतसंस्थेला नाही. दोन्हींच्या पाट्या सारख्याच दिसतात, म्हणून विचारून घ्यावे. पोस्टात महिना शंभर रुपयांपासून पाच वर्षांचे आवर्ती खाते निघते.

आता जमिनीचे. पुणे जवळ आले, फार्महाऊसवाले आले, दलाल गावात फिरू लागले. तेव्हा इतकी वर्षे न आठवलेल्या बहिणीची आठवण होते. जेवायला बोलावतात आणि ताटाशेजारी हक्कसोडपत्र. बाबासाहेबांनी १९५१ साली कायदेमंत्रिपद सोडले, त्यामागे हिंदू कोड बिल हे मोठे कारण होते. पुढे १९५६ चा वारसा कायदा आला, तो बौद्धांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

भावाची ओढगस्त पाहून बहिणीने राजीखुशीने हक्क सोडला, तर तो तिचा निर्णय. आम्ही त्याच्या आड येत नाही. पण माहेर तुटेल या भीतीने, न वाचता अंगठा देऊ नये. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र मागे फिरवणे फार अवघड असते. ज्यांच्या जमिनी वतनाच्या, त्यांनी तर अधिकच जपावे. वर्ग दोनची जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही, दलाल काहीही सांगो.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर आम्ही विहारातच बसणार आहोत. सात-बारा, आठ-अ आणि पासबुक घेऊन या. ज्या आजींना वाचता येत नाही, त्यांना कॉलेजच्या मुली वाचून दाखवतील. आणि पासबुक आधी बँकेतून भरून आणा, नुसते कव्हर पाहून शिल्लक कळत नाही.