खेळाच्या वेष्टणावरील दोन अक्षरें

इ. स. २०२१ च्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेंतील एका लिलावांत ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या व्हिडिओ गेमची न उघडलेली एक प्रत ६,६०,००० डॉलरांस विकली गेली. या खेळाच्या जगभर चार कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. अर्थात् खेळ दुर्मिळ नव्हे. किंमत आली ती वेष्टणावरील खुणांना. त्यांवरून ती प्रत आरंभींच्या छपायांपैकीं ठरली होती. परंतु हा आरंभ नेमका कोणत्या दिवशीं झाला, असें विचारल्यास मोठमोठे जाणकारहि अडखळतात.

जपानांत हा खेळ १३ सप्टेंबर १९८५ रोजीं बाहेर पडला, याविषयीं वाद नाहीं. अमेरिकेची गोष्ट निराळी. तेथें निंटेंडो कंपनीनें आपलें यंत्र १९८५ च्या अखेरीस प्रथम न्यूयॉर्कच्या परिसरापुरतेंच विक्रीस आणलें; इतर शहरांची पाळी १९८६ मध्यें आली. मारिओ अमेरिकन दुकानांत नक्की कोणत्या तारखेस मांडला गेला, हा प्रश्न २०१२ सालीं फ्रँक सिफाल्डी या संशोधकानें धसास लावला, तेव्हां बेधडक छापल्या जाणाऱ्या तारखा परस्परांशीं जुळत नाहींत असें दिसून आलें. याचें कारण साधें आहे. त्या काळीं देशभर एकाच दिवशीं खेळ विक्रीस काढण्याची रूढि नव्हती. वखारींतून माल निघे, दुकानांत पोंचे आणि फळीवर चढे. तो दिवस कोणी टिपून ठेवीत नसे.

मग काळ ठरवावा कसा? लेबलावर ‘१९८५’ हा आंकडा असतो. पण तें स्वामित्वहक्काचें साल, विक्रीचें नव्हे. कार्ट्रिज उघडल्यास आंतील चिपवर बहुधा चार आंकडे आढळतात. ‘८६३२’ म्हणजे १९८६ सालचा बत्तिसावा आठवडा. त्यापूर्वीं ती चिप तयार झाली नव्हती, एवढेंच त्यावरून निश्चित होतें. ती विकली केव्हां गेली, हें कळत नाहीं.

तिसरा साक्षीदार म्हणजे ट्रेडमार्कची खूण. नांवापुढें ‘टी. एम्.’ हीं दोन अक्षरें कोणाहि व्यापाऱ्यास घालतां येतात; त्यांस नोंदणी लागत नाहीं. वर्तुळांतील ‘आर्’ हें अक्षर मात्र अमेरिकन कायद्याप्रमाणें सरकारी नोंदणी झाल्यावरच छापतां येतें. तेव्हां ज्या वेष्टणावर ‘आर्’ आहे तें नोंदणीनंतरचें, हें अनुमान सबळ आहे. परंतु ‘टी. एम्.’ आहे म्हणून तें नोंदणीपूर्वींचेंच, असें म्हणणें हा तर्कदोष होय. कारण जुन्या छापाचीं वेष्टणें नोंदणीनंतरहि वापरलीं जाऊं शकतात. शिवाय ती खूण यंत्राच्या नांवापुढें आहे कीं खेळाच्या, हेंहि पाहावें लागतें. ट्रेडमार्कच्या अर्जांत व्यापारांतील प्रथम वापराची तारीख लिहिलेली असते. पण ती अर्जदारानें स्वतः सांगितलेली असते, हेंहि विसरून चालत नाहीं.

पेशवेकालीन पत्रांचे अभ्यासक या अडचणीस चांगले परिचित आहेत. अनेक पत्रांत तिथि असते, महिना असतो, पण साल नसतें. तें मजकुरांतील प्रसंगांवरून ताडावें लागतें, आणि एका पत्राची साक्ष दुसऱ्या पत्राशीं ताडून पाहावी लागते. खेळांच्या बाबतींतहि चिप, वेष्टण, नोंदणीचे कागद आणि वृत्तपत्रांतील जाहिराती यांचा मेळ घालूनच साल ठरवावें लागतें. कोणीहि एकटा साक्षीदार पुरेसा होत नाहीं.

१९९२ सालीं सेगा कंपनीनें ‘सॉनिक’चा दुसरा खेळ अमेरिकेंत २४ नोव्हेंबर या जाहीर केलेल्या दिवशीं विक्रीस काढला, त्यामुळें त्याची जन्मतिथि सर्वांस ठाऊक आहे. मारिओचें तसें नाहीं. तो कोट्यवधि घरांत पोंचला, पण पहिल्या घरांत कोणत्या दिवशीं गेला याची नोंद राहिली नाहीं. अशा स्थितींत एखादी तारीख शंभर ठिकाणीं छापली गेली म्हणून ती खरी होत नाहीं. जेथें पुरावा ‘१९८६ च्या अमुक आठवड्यानंतर’ एवढेंच सांगतो, तेथें तेवढेंच लिहून थांबणें हाच प्रामाणिक इतिहास. आणि लाखों डॉलर मोजणाऱ्या ग्राहकाचेंहि हित त्यांतच आहे.