लाल परीचं माप



जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की बदनापूर आणि करमाड मागं पडतं, मग शेंद्रा लागतं आणि पुढं चिकलठाणा. छोट्या मोटारी बांधायच्या आणि रंगवायच्या छंदावर आज बोलायचं आहे, आणि त्याची सुरुवात मला याच रस्त्यावरून करायची आहे. शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या मोटारी जुळू लागल्या. परदेशातून सुटे भाग खोक्यांत भरून यायचे आणि इथले कामगार ते जोडून मोटार रस्त्यावर आणायचे. चिकलठाण्याला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. तिथली रीत निराळी. कंपनीकडून नुसती चासी येते, आणि तिच्यावर सांगाडा, पत्रा, खिडक्या, बाकडी, रंग हे सगळं कार्यशाळेतली माणसं उभं करतात.

छंदातही याच दोन वाटा आहेत. तयार किट आणून जोडायचं, किंवा मोजमाप घेऊन स्वतः बांधायचं. जालन्याच्या माणसानं दुसऱ्या वाटेनं जावं असं मला वाटतं. तरी आधी पहिली वाट समजून घेऊ, कारण हात तिथंच तयार होतो.

किटच्या खोक्यावर १:२४ असं प्रमाण छापलेलं असतं. मॉडेलवरचा एक सेंटिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवरचे चोवीस. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी लांबीला ३९३० मिलिमीटर होती. १:२४ मध्ये ती साधारण १६.४ सेंटिमीटर भरते, १:४३ मध्ये नऊच्या किंचित वर, आणि हॉट व्हील्सच्या १:६४ मध्ये सहा सेंटिमीटर, म्हणजे मुठीत मावेल एवढी. प्रमाण लहान होत जाईल तसं काय दाखवायचं आणि काय सोडायचं हे ठरवावं लागतं. हा निर्णय करणाऱ्याचा असतो.

या क्षेत्रात जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीचा मान मोठा. १९४६ मध्ये ती लाकडाची गिरणी म्हणून सुरू झाली, आणि १९६० मध्ये तिनं पहिलं प्लास्टिक मॉडेल काढलं, यामातो या युद्धनौकेचं. सत्तरच्या दशकात शुनसाकु तामिया यांना पोर्शचं १:१२ प्रमाणातलं मॉडेल काढायचं होतं. फोटो आणि नकाशे पुरेनात, तेव्हा त्यांनी खरीखुरी पोर्श ९११ विकत घेतली आणि सुटी करून भाग न् भाग पाहिला. त्यातून पोर्श ९३४ चं किट १९७६ मध्ये बाजारात आलं. खेळण्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं कोणी म्हणेल. पण आज ते किट हातात घेतलं की वस्तूकडे किती बारकाईनं पाहता येतं याचा धडा मिळतो. माझ्या लेखी या छंदाचा खरा आनंद तो आहे.

आता आपल्याकडे येऊ. पोर्शचं किट मिळतं, फेरारीचं मिळतं. दिल्लीच्या सेंटी टॉइजनं अँबॅसडर आणि ऑटोरिक्षा खेळण्यात आणल्या, तेही चांगलं झालं. पण जिनं आपल्याला शाळेत, बाजारात, दवाखान्यात आणि लग्नाला नेलं त्या लाल परीचं सुटं किट मला अजून कुठल्या दुकानात दिसलेलं नाही. म्हणून राज्यभरातली एसटीवेडी मुलं ती स्वतः बनवतात. पुठ्ठा, सनबोर्ड, पारदर्शक प्लास्टिक, गोंद एवढ्या सामानावर दारं उघडणाऱ्या, आत बाकडी असलेल्या, वर पाटी लावलेल्या गाड्या तयार होतात. मला या मुलांविषयी फार आदर आहे. किट जोडणाऱ्याला कारखान्यानं मोजून दिलेलं असतं. यांनी स्वतः आगारात उभं राहून मोजलेलं असतं.

हे रक्त जुनं आहे. ज्वारीच्या धांड्याची साल आणि आतला मऊ गाभा घेऊन बैलगाडी करणारी पोरं मराठवाड्याच्या प्रत्येक गावात होती. त्याच्याही फार मागं जाता येतं. प्रवरेकाठी, श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झुडपाच्या बुडाशी खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, म्हैस आणि दोन बैल जुंपलेला रथ. त्यांचा काळ सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा मानतात. काही अभ्यासकांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंकाही घेतली. रथ लांबीला ४५ सेंटिमीटर, आणि वर उभा असलेला हाक्या १६ सेंटिमीटर उंच. माणसाच्या उंचीवरून हिशोब केला तर प्रमाण साधारण १:१० येतं. आणि अकरा मीटरची एसटी १:२४ मध्ये बांधली तर तीही ४६ सेंटिमीटरच्या आसपास भरते! हा योगायोग आहे हे मला ठाऊक आहे, तरी तो मला फार आवडतो.

बांधताना सगळ्यात जास्त वेळ खातात ते रिव्हेट. जुन्या गाड्यांचा ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेटांनी ठोकलेला असायचा. अलीकडे लोखंडी बॉडी आली तेव्हा ते रूप बदललं. दहा मिलिमीटरचं रिव्हेटचं डोकं १:२४ मध्ये अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान होतं. पातळ प्लास्टिक शीट उलटं ठेवून बोथट सुईनं मागून टोचलं की पुढं बारीक टेंगूळ येतं. पट्टी धरून, अंतर मोजून एकेक टोचायचं. घाई केली की रांग वाकडी होते आणि ती रंगाखाली लपत नाही.

रंगाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण मॉडेल जमलं की बिघडलं हे रंग ठरवतो. खऱ्या गाडीवरचा रंगाचा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा असतो. आपण मॉडेलवर त्याच्या निम्मा, ०.०५ मिलिमीटर थर दिला तरी चोवीसपट केल्यावर तो सव्वा मिलिमीटरच्या घरात जातो. म्हणजे कडा बुजतात, रिव्हेट बुडतात. म्हणून एअरब्रश, म्हणून पातळ हात, म्हणून मध्ये वॉटर पेपर. आणि डब्यातला लाल जसाच्या तसा मारू नये. लहान वस्तूवर तो गडद दिसतो; दुरून पाहिलेल्या गाडीचा भास हवा असेल तर थोडा फिका करावा लागतो.

आपल्या हवेचाही विचार करावा लागतो. एप्रिल-मेच्या उन्हात लॅकरचा थेंब पत्र्यापर्यंत पोचण्याआधीच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. फवारणी पहाटे करावी. पावसाळ्यात उलटं, दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक चढते.

मग धूळ. एसटी चकचकीत ठेवली तर ती खोटी वाटते. धावत्या गाडीच्या मागं हवा भोवरा करून धूळ ओढून घेते, म्हणून मागचा पत्रा सगळ्यात मळका. चाकांच्या मागं मुरमाचा तांबूस थर, काळ्या रानातून आली असेल तर राखाडी. सायलेन्सरपाशी काजळी. खिडक्यांखाली पान-तंबाखूचे ओघळ. टपाचा लाल उन्हानं उडालेला. हे सगळं दाखवता येतं, फक्त आधी आगारात जाऊन पाहायला हवं.

इतिहासाची आवड असलेल्यांना एक सुचवतो. एसटीची पहिली गाडी म्हणून १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेलेल्या बेडफर्डचं मॉडेल सगळे करतात. पण तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होतं. तिथल्या रेल्वे-रस्ते खात्यानं १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनी सेवा सुरू केली होती, आणि मराठवाड्याची वाहतूक एसटी महामंडळात आली ती १९६१ मध्ये. त्या काळातली एक अल्बियन बस हैदराबादच्या बसभवनात जपून ठेवली आहे. जालन्याच्या छंदिष्टानं ती बांधावी.

मापं घेण्याची निकड मात्र आजच्या गाड्यांची आहे. पंधरा वर्षं पुरी झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुन्हा होत नाही, आणि त्यात महामंडळाच्या बसही आल्या. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपताच ती रस्त्यावरून उतरली. गाडी भंगारात गेल्यावर तिच्या खिडकीची चौकट किती रुंद होती हे कोण सांगणार?

म्हणून आगारप्रमुखांची परवानगी घ्या आणि उभ्या गाडीपाशी जा. आधी एकच खिडकी नीट मोजा, कारण तेच माप पुढं पुन्हा पुन्हा येतं. गाडीला टेकवून मीटरपट्टी उभी करा आणि लांबून, समोरासमोर फोटो काढा. जवळून काढलेल्या फोटोत पत्रा वाकडा दिसतो. रंग सावलीत पाहा. नंबरही टिपा. एमएच २० असेल तर बहुधा ती चिकलठाण्यात बांधलेली, एमएच १४ असेल तर दापोडीत, एमएच ४० असेल तर नागपूरकडची. आणि प्रत्येक कार्यशाळेच्या हाताची काही ना काही निराळी खूण गाडीवर सापडते. वहीत शेवटी आगाराचं नाव आणि तारीख लिहायला विसरू नका.