सही करण्याआधी

 

मागच्या महिन्यात माझ्या धाकट्या लेकीनं एक कागद माझ्यापुढं ठेवला. "आई, इथं सही कर." मी वाचायला घेतला तर म्हणते, "वाचत नको बसू गं, सगळ्यांच्या आयांनी केलीय." ज्या कागदाला लेकरू वाचू नको म्हणतं, तो आधी वाचावा. किकबॉक्सिंगच्या स्पर्धेचं संमतीपत्र होतं ते. पोरीचं नाव, वय सोळा पूर्ण, वजन एक्कावन्न किलो. खाली लिहिलेलं, खेळताना इजा झाली तर जबाबदारी पालकाची. आणि 'प्रकार' या रकान्यात दोनच शब्द होते, लो किक.

चार वर्षांपूर्वी असता तर मी एक तर डोळे मिटून सही केली असती, नाही तर कागद चुलीत घातला असता. त्या दोन शब्दांचा अर्थ तेव्हा मला ठाऊक नव्हता. आज तो अर्थ तुम्हाला सांगायला आलेय. आता आपल्या गावागावांत हे क्लास निघालेत आणि पोरी जायला लागल्यात. फी आपण भरतो, सहीपण आपली लागते, पण पोरगी नेमकं काय खेळते हे आपल्याला कोणी सांगत नाही.

आमचं गाव लोहा आणि अहमदपूरच्या मधलं. तालुका नांदेड जिल्ह्यात, बाजाराला जातो लातूर जिल्ह्यात. माळेगावची जत्रा आम्हाला जवळ. जत्रेतला कुस्त्यांचा फड तुम्ही बघितला असेल. सकाळी सगळ्यात आधी लहान लेकरांच्या कुस्त्या लागतात, नारळावर, रेवड्यांवर. मग दहा-वीस रुपयांच्या, मग शंभराच्या, आणि दिवस कलताना मोठ्या इनामाची. नारळावर खेळणाऱ्या पोराला कोणी शेवटच्या पैलवानापुढं उभं करत नाही. किकबॉक्सिंगमध्येही तशाच पायऱ्या आहेत. पण त्या डोळ्याला दिसत नाहीत, विचाराव्या लागतात.

हा खेळ काही फार जुना नाही. कराटे आणि थायलंडचा मुए थाई यांच्या मिसळीतून जपानात साठच्या दशकात तो सुरू झाला, पुढं अमेरिकेत आणि युरोपात वाढला. १९७६ मध्ये त्याची वाको नावाची जागतिक संघटना झाली. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं तिला मान्यता दिली. पण एक गोष्ट कान उघडे ठेवून ऐका. मान्यता मिळाली म्हणजे खेळ ऑलिंपिकमध्ये गेला असं नाही. बॉक्सिंग, कुस्ती, ज्युदो, तायक्वांदो ऑलिंपिकमध्ये आहेत, किकबॉक्सिंग नाही. "तुमची पोरगी ऑलिंपिकला जाईल" असं सांगून कोणी फी मागितली तर समजून जा.

आता प्रकार सांगते. एकूण सात आहेत, पण त्यांचे दोन घर समजा, एक मॅटचं आणि एक रिंगचं. मॅट म्हणजे जमिनीवर अंथरलेली मऊ गादी. रिंग म्हणजे दोऱ्या बांधलेला चौक, टीव्हीवर बॉक्सिंगला दिसतो तो.

मॅटच्या घरात पहिला पॉइंट फायटिंग. यात शिवाशिवीसारखा खेळ असतो. नीट ठोसा किंवा लाथ लागली की पंच थांबवतो, गुण देतो, पुन्हा सुरू. ठोशाला एक गुण, पोटाला-छातीला लाथ लागली तरी एक, डोक्याला लाथ पोचली तर दोन, उडी मारून डोक्याला पोचवली तर तीन. इथं ताकद लावायची नसते. जोरात मारलं तर उलट ताकीद मिळते. दुसरा लाइट कॉन्टॅक्ट. त्यात पंच दर गुणाला थांबवत नाही, खेळ सलग चालतो, पण मार हलका आणि कमरेच्या वरच. तिसरा किक लाइट. तो लाइट कॉन्टॅक्टसारखाच, फक्त मांडीवरही लाथ चालते. आणि चौथा म्युझिकल फॉर्म्स. त्याला समोर कोणी नसतंच. संगीताच्या तालावर एकटीनं हातपाय फिरवून दाखवायचे, मारामारी शून्य. आमच्या गावातल्या एका आजीबाईंना तो फार आवडला. म्हणाल्या, "हे तर आपल्या लेझमीसारखंच की."

रिंगच्या घरात तीन. फुल कॉन्टॅक्ट म्हणजे कमरेच्या वर, पण पूर्ण ताकदीनं. लो किक म्हणजे पूर्ण ताकद आणि वर मांडीवरही लाथा. के-वन म्हणजे त्याहून पुढं, गुडघाही मारता येतो. इथं नॉकआउट होऊ शकतं. मोठ्यांच्या लढतीत दोन दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि मध्ये एकेक मिनिट विसावा असतो. दोन मिनिटं म्हणजे काय, असं वाटेल. एकदा घड्याळ लावून दोन मिनिटं हवेत हात-पाय मारून बघा. मी बघितलं, मग खाटेवर आडवीच झाले.

दोन्ही घरांत डोक्याला हेल्मेट, दातांना गार्ड, हातात ग्लोव्हज, नडगीला आणि पावलाला गार्ड लागतात. पोरींना छातीचं गार्ड असतं. त्याची लाज धरू नका, तेपण मागून घ्या. आमच्या गटानं अंतर्गत कर्ज देऊन चार पोरींत दोन संच घेतले. ते चालतं, दोघी आळीपाळीनं घालतात. पण दातांचं गार्ड कधी वाटून घेऊ नका. ते गरम पाण्यात मऊ करून ज्याच्या त्याच्या दातांवर बसवायचं असतं, दुसरीच्या तोंडात बसत नाही आणि घाणेरडंही आहे. घरी सरावाला आम्ही लिंबाला पोतं टांगलंय, त्यात जुन्या लुगड्यांच्या चिंध्या ठासल्यात. वाळू भरू नका. एका पोरीच्या भावानं भरून दिली होती, दुसऱ्या दिवशी तिचं मनगट सुजलं.

पायऱ्या म्हटलं तर पट्ट्यांच्याही आहेत. पांढरा, पिवळा, नारंगी, हिरवा, निळा, तपकिरी आणि मग काळा. पट्टा हा शिकण्याचा हिशोब आहे. त्यावर नोकरी मिळत नाही, आणि दर तीन महिन्यांनी परीक्षा फी मागून नवा पट्टा बांधणारा क्लास असला तर दोनदा विचार करा. स्पर्धेत तुमची पोरगी कोणाशी खेळणार ते तिच्या वयावर आणि वजनावर ठरतं. मोठ्या बायकांना मॅटवर ५० किलोखाली, मग ५५, ६०, ६५, ७० आणि त्यावर असे गट आहेत. रिंगचे गट वेगळे, ४८ पासून सुरू होतात, मग ५२, ५६ असे पुढं.

या वजनापायी पोरी काय करतात ते सांगते. वजन काट्यावर एक किलो जास्त भरलं तर खालच्या गटात जायला म्हणून माझी लेक दीड दिवस जेवली नाही, आदल्या रात्री पाणीही प्यायली नाही. वजनात बसली, आणि पहिल्याच फेरीत डोळ्यापुढं अंधारी येऊन खाली बसली. आपल्याकडच्या पोरींचं रक्त आधीच कमी असतं, त्यात पाळी चालू. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे, ज्या वजनाची आहेस त्या गटात खेळ. ज्वारीची भाकरी, वरण, शेंगदाणे, मिळालं तर अंडं, रोज. आणि सहा महिन्यांनी आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासायचं.

डोक्याच्या माराचं तर मी कोणाचं ऐकत नाही. मार बसल्यावर उलटी झाली, गरगरलं, पोरगी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायला लागली, तर थेट दवाखाना. त्या दिवशी पुन्हा सराव नाही. "काही होत नाही, पाणी मार तोंडावर" असं म्हणणारा शिक्षक नको. डोक्याला मार बसून लढत थांबली तर खेळाचे नियमच सांगतात की निदान २८ दिवस खेळायचं नाही.

आता पैशाची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी एका संघटनेच्या 'राष्ट्रीय' स्पर्धेला आम्ही फी, गाडीभाडं, राहणं धरून साडेचार हजार घातले. एक शेळी गेली त्यात. पोरगी रौप्यपदक घेऊन आली. गावात हलगी वाजली, माझ्या सासूनं ओवाळलं. नंतर कळलं, तिच्या वजनात तीनच पोरी होत्या. तीन पोरी, तीन पदकं! शाळेत प्रमाणपत्र दिलं तर सर म्हणाले, याचे क्रीडागुण मिळत नाहीत. पोरीचा दोष नव्हता, ती खरंच खेळली होती. पण तो कागद भिंतीवर लावण्यापलीकडं कामाचा नाही.

म्हणून बायांनो, पैसे भरायच्या आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा. नांदेडलाही आहे, लातूरलाही आहे. एकटीनं जायला बिचकत असाल तर गटातल्या चौघी जा, आम्ही तशाच गेलो. तिथं विचारा, यंदाच्या शालेय स्पर्धांच्या यादीत हा खेळ आहे का, १४, १७ आणि १९ वर्षांखालचे कोणते गट आहेत, कोणत्या संघटनेचं प्रमाणपत्र क्रीडागुणांना आणि नोकरीच्या पाच टक्के आरक्षणाला चालतं. नावं सारखी दिसणाऱ्या संघटना पुष्कळ आहेत, त्यामुळं तोंडी उत्तरावर थांबू नका, लिहून मागा. शाळेच्या वाटेनं गेलं तर शिडी अशी असते: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय. आपले दोन्ही जिल्हे लातूर विभागात येतात. नोकरीच्या वेळी खेळाचं प्रमाणपत्र विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून तपासून घ्यावं लागतं. आपल्या राज्यात खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लागल्याची प्रकरणं निघालीत, म्हणून ही तपासणी कडक आहे.

आणि क्लास बघायला स्वतः जा, न सांगता जा. दार बंद करून शिकवत असतील, आईला बाहेर थांबा म्हणत असतील, तर पोरगी परत आणा. बाहेरगावच्या स्पर्धेला सोबत बाईमाणूस हवंच. लेकराला कोणी त्रास दिला तर १०९८ हा फोन फुकट लागतो, तो नंबर पोरीला पाठ पाहिजे.

लोक काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. "पोरीचा पाय मोडला तर करील का कोणी?" माझ्या जावेनं भर पंगतीत विचारलं होतं. आपल्या धर्माबादच्या पुढं निजामाबाद आहे ना, रेल्वेनं जवळच, तिथली निखत झरीन. तिच्या घरच्यांनाही लोक असंच म्हणायचे. ती २०२२ आणि २०२३, दोन्ही वर्षी बॉक्सिंगची जगज्जेती झाली. आसामच्या खेड्यातली लवलिना आधी मुए थाई खेळायची, किकबॉक्सिंगचाच भाऊबंद तो. पुढं बॉक्सिंगला गेली आणि टोकियो ऑलिंपिकचं कांस्य आणलं. म्हणजे या खेळातून दुसरीकडं जायची वाटही आहे. मी हे जावेला सांगितलं. ती म्हणाली, "त्या लाखात एक गं." तेही खरंच आहे. माझी पोरगी त्या लाखातली असेलच असं मीही म्हणत नाही. पण आमच्या गावात सोळाव्या वर्षी पोरींची लग्नं उरकायचे, अन् माझी सोळाची पोरगी पहाटे साडेपाचला दोरीवरच्या उड्या मोजते, आणि "मला पोलीस भरतीला पळायचंय" म्हणते. पाहुणे आले होते, तिनंच चहा दिला आणि तिनंच सांगितलं, एवढ्यात नाही.

तर तो कागद. मी लेकीला विचारलं, "तू तर किक लाइट खेळतेस, मधेच लो किक कुठून आलं?" म्हणाली, "सर म्हणतात, रिंगमध्ये पोरी कमी असतात. पदक लवकर मिळतं." बघा, पुन्हा तेच, तीन पोरी, तीन पदकं. नियमानं तिच्या वयाला रिंग बंद नाही, हे मलाही माहीत आहे. मी दुसऱ्या दिवशी सरांना भेटले. माणूस वाईट नाही. मी विचारलं, "सर, हिनं पूर्ण ताकदीची लढत सरावात किती वेळा खेळलीय?" ते म्हणाले, "दोनदा." "स्पर्धेत डॉक्टर असतो का?" म्हणाले, "असायला पाहिजे." मी म्हणलं, असायला पाहिजे आणि असतो, यात फरक आहे ना सर.

मी सही केली नाही. अजून एक वर्ष किक लाइट खेळ, सहा महिने रिंगचा सराव कर, मग तूच कागद आण, मी वाचून सही करीन, असं म्हणलं. चार दिवस बोलली नाही माझ्याशी. ताटातली भाकरी तशीच ठेवून उठायची. पाचव्या दिवशी आली, म्हणाली, "मग किक लाइटची तरी फी देतेस ना?" दिली.

लो किकचा कागद घड्याळामागं खोचून ठेवलाय. रोज पहाटे उड्या मारायला जाताना ती त्याच्याकडं बघते, आणि ती बघते हे मी बघते.