आपत्तीनंतर मनाची शुश्रूषा



संकटनिवारणाच्या शिक्षणात नागपूरचे स्थान जुने आहे. 1957 साली येथे केंद्रीय आपत्कालीन साहाय्य प्रशिक्षण संस्था निघाली. 1968 मध्ये तिला राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय हे नाव मिळाले, आणि 2018 साली ती राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या प्रबोधिनीत सामावली गेली. अग्निशमनाचे राष्ट्रीय महाविद्यालयही याच शहरात आहे. ढिगाऱ्याखालील मनुष्य कसा काढावा, पुरातून कसा आणावा, हे शिकण्यासाठी देशभरातून माणसे येथे येतात. याच शहरात 1864 पासूनचे मनोरुग्णालय आहे. परंतु देह वाचविण्याची विद्या आणि मन सावरण्याची विद्या यांची गाठ फार उशिरा पडली, आणि ती नागपुरातच नव्हे, सबंध देशातच उशिरा पडली.

नरखेड तालुक्यातील मोवाड हे गाव येथील बहुतेकांस ठाऊक आहे. 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीच्या महापुराने त्या गावात दोनशेहून अधिक माणसांचा बळी घेतला. पूर ओसरतो, पंचनामा होतो, घरांची रक्कम ठरते. पण आभाळ भरून आले की पाटी टाकून घराकडे धाव घेणाऱ्या मुलाची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची, हे कोणत्याही पंचनाम्यात छापलेले नसते.

या प्रश्नाकडे भारतात प्रथम पद्धतशीर लक्ष गेले ते भोपाळमुळे. 1984 च्या डिसेंबरमध्ये, 2 आणि 3 तारखांच्या मधल्या रात्री, कारखान्यातून विषारी वायू सुटला. डोळे आणि फुप्फुसे यांवर उपचार सुरू झाले. पण दवाखान्यात येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना झोप नव्हती, छातीत धडधड होती, जगण्यावरची वासना उडालेली होती. एवढ्या लोकांस पुरतील इतके मनोविकारतज्ज्ञ आणावयाचे कोठून? बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेतील डॉ. श्रीनिवास मूर्ती आणि त्यांचे सहकारी यांनी वेगळा मार्ग धरला. वस्तीतील दवाखान्यांत जे साधे वैद्यकीय अधिकारी आधीच बसलेले होते, त्यांनाच मनाच्या दुखण्याची ओळख व उपचार शिकवावयाचे, असे त्यांनी ठरविले. त्यासाठी एक हस्तपुस्तिकाही तयार झाली. या लहानशा निर्णयाचे महत्त्व फार मोठे आहे. पुढील सर्व काम त्याच वाटेने गेले.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच निजले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदे झोपलेल्यांवर कोसळली. आठ ते दहा हजार माणसे गेली. किल्लारीच्या परिसरातील सुमारे 1,200 मुलांना भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्यास नेले. काम मोठे होते, आणि त्यातून अनेकांची आयुष्ये उभी राहिली. तरी एक गोष्ट विसरता येत नाही. बहुसंख्य मुले गावातच, पत्र्याच्या शेडमध्ये, उरलेल्या माणसांबरोबर राहिली. त्यांच्यापाशी रोज सकाळी जो येत होता तो तज्ज्ञ नव्हता. तो शाळेचा मास्तर होता, आणि पुष्कळदा त्याच्याही घरातले कोणी गेलेले होते.

पुढे 1999 साली ओडिशात चक्रीवादळ आले, तेव्हा गावातील तरुण स्त्रीपुरुषांना थोडके शिक्षण देऊन ‘स्नेहकर्मी’ म्हणून कामास लावण्यात आले. 2001 मध्ये कच्छचा भूकंप प्रजासत्ताकदिनीच झाला आणि अंजार येथे मिरवणुकीत निघालेली शाळेची मुले शिक्षकांसह गाडली गेली. 2004 च्या त्सुनामीनंतर शिक्षक आणि अंगणवाडी सेविका यांनाही हे शिक्षण मिळू लागले. 2009 साली राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या.

आता तज्ज्ञाने तरी नवे काय शिकावयाचे, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर असे की, त्याला पुष्कळसे जुने विसरावे लागते. खोलीत बसावे आणि रोग्याने आपण होऊन यावे, ही त्याची सवय. आपत्तीत कोणी येत नाही. माणसे पत्रे, धान्य, रेशनकार्ड आणि हरवलेल्यांची खबर मागत असतात. ज्याला मृत्यूचा दाखला कोठे मिळतो हे सांगता येत नाही, त्याच्या सांत्वनाला विधवेच्या लेखी फारशी किंमत नाही, आणि ते योग्यच आहे. भाषेचेही तसेच. ‘मला उदासी आली आहे’ असे विदर्भातील शेतकरीण म्हणणार नाही. ती म्हणेल, ‘जीव घाबरते’. रामटेककडील गोंडी बोलणारी आजी कदाचित तेवढेही म्हणणार नाही.

आणखी एक समजूत तज्ज्ञांनाच सोडावी लागली. घटना घडल्याबरोबर सर्वांना एकत्र बसवावे, काय पाहिले ते तपशीलवार वदवून घ्यावे, म्हणजे मनातले निघून जाते, असे पूर्वी मानीत. पुढील पाहणीत हा उपाय निरुपयोगी, काही जणांस तर अपायकारक ठरला. 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेने मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, तिचा भर तीनच गोष्टींवर आहे : पाहणे, ऐकणे, आणि योग्य मदतीशी जोडून देणे. बोलेल त्याचे ऐकावे. न बोलणाऱ्यास टोचू नये. पाहुणे येतात, छायाचित्र काढणारे येतात, आणि ‘बाळ, तुझी आई कशी गेली?’ हा प्रश्न एकाच मुलास दिवसातून चार वेळा विचारला जातो. शिक्षकाने येथे आडवे उभे राहावे. हे काम त्याच्याइतके अधिकाराने दुसरा कोणी करू शकत नाही.

शाळा लवकर सुरू होणे हेच पुष्कळ मुलांचे औषध असते. झाडाखाली असो, मंडपात असो, घंटा ठरल्या वेळी व्हावी, हजेरी व्हावी. हजेरीपटावरील गेलेल्या मुलाच्या नावाचे काय करावे, हे मात्र वर्गाशी बोलून ठरवावे. नाव गुपचूप खोडणे ही सर्वांत वाईट रीत. लहान मुले पुराचाच खेळ खेळतात, घरे बांधून पाण्याने पाडतात. त्यांस रागावू नये, त्या रीतीने ती घडलेले पचवीत असतात. मोठे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले तर त्याची थट्टा होऊ देऊ नये. तान्हा पोळा त्या वर्षी करावा की नाही, असा वाद गावात निघतो. मुलांनी नंदी सजवावेत, वाजतगाजत नव्हे, पण सजवावेत, हे बरे.

बहुतेक मुले काही आठवड्यांत सावरतात. परंतु महिना उलटूनही जे मूल जेवत नाही, दचकून उठते, कोणाशी बोलत नाही, किंवा मरणाची भाषा करते, त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, आणि तेथून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांकडे. मरणाची भाषा ऐकली तर महिन्याची वाट पाहू नये. बाधा झाली म्हणून गंडेदोरे करण्यात जे दिवस जातात, ते परत मिळत नाहीत. 2022 पासून टेली-मानस ही दूरध्वनिसेवा 14416 या क्रमांकावर मिळते. तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक कार्यालयाच्या भिंतीवर नव्हे, मुलांस वाचता येईल अशा जागी लिहावा. ज्या शिक्षकाचे स्वतःचे घर वाहून गेले आहे, त्यानेही तो वापरावा, आणि मुख्याध्यापकांनी त्यास आठ दिवस तरी शिधावाटपाच्या याद्यांपासून मोकळे ठेवावे.